लडाखच्या गावात स्वयंसेवक म्हणून जाताय? पहिल्या पंधरा दिवसांसाठी मार्गदर्शक

लडाखच्या एखाद्या शाळेत थोडे दिवस शिकवायला जावं असं मनात असलेली मंडळी बहुतेक दोनच गोष्टी विचारतात: थंडी किती असते आणि विमानाचं तिकीट कधी काढायचं. दोन्हीची उत्तरं सोपी आहेत. पण माणूस खरा गोंधळतो तो गावात पोचल्यावर. यजमान कामाला हात लावू देत नाहीत, मुलं वर्गात तोंड उघडत नाहीत, नको म्हटलं तरी चहा येतच राहतो, संडासात पाणी नसतं, आणि तुम्ही इथे काय करणार असं कुणी विचारतही नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीचा पहिल्या आठवड्यात भलताच अर्थ लावला जातो. तसं होऊ नये म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

हे मुख्यतः लेह जिल्ह्यातल्या बौद्ध गावांबद्दल आहे. कारगिलकडे बहुसंख्य लोक शिया मुस्लिम आहेत. नुब्रा खोऱ्यातलं तुर्तुक हे बाल्टी मुस्लिमांचं गाव, ते १९७१च्या युद्धात भारताकडे आलं. तिथे कपडे, सण, अभिवादन सगळंच वेगळं. त्यामुळे गावाचं नाव कळलं की ते कुठल्या खोऱ्यात आहे आणि तिथे कोण लोक राहतात, हे सगळ्यात आधी विचारून घ्या.

१. आधी संस्था निवडा, मग महिना

लडाखला बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकांची सवय आहे. सेकमॉल ही शिक्षणासाठी काम करणारी संस्था तिथल्याच तरुणांनी १९८८ मध्ये सुरू केली. त्या काळात दहावीला बसणारी बहुतेक मुलं नापास व्हायची. घरी लडाखी, शाळेत आठवीपर्यंत उर्दू आणि नववीत एकदम इंग्रजी, अशी त्या मुलांची फरपट होती. १९९४ मध्ये 'ऑपरेशन न्यू होप' ही सरकारी शाळा सुधारण्याची मोहीम सुरू झाली आणि गावोगावी शिक्षण समित्या उभ्या राहिल्या. हा इतिहास सांगायचं कारण एवढंच, की शिक्षणाचा विचार तिथे तुमच्या कितीतरी आधी झालेला आहे. "मागास भागात जाऊन मुलांना घडवू" ही भाषा मुंबई-पुण्यातच ठेवून निघा.

संस्थेला फोन करून विचारा: राहायची सोय शाळेत की कुणाच्या घरी? घरी असेल तर त्या घराला पैसे कोण देतं, किती देतं? तुमच्या आधी तिथे कोण होतं आणि त्यांनी काय शिकवलं? गावात आजारी पडलात तर गाडी कोण आणणार? मुलांच्या सुरक्षिततेचे लेखी नियम आहेत का? पोलीस पडताळणी मागणारी संस्था चांगली समजा. तुमच्याबद्दल काहीच न विचारता थेट फी सांगणाऱ्या संस्थेपासून दूर राहा.

आता महिना. शाळेचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं आणि डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हिवाळ्याची मोठी सुट्टी असते. जुलैमध्येही थोडे दिवस शाळा बंद असते. नेमक्या त्याच काळात तिकीट काढून पोचणारे लोक दरवर्षी भेटतात. मे-जून किंवा ऑगस्ट-सप्टेंबर हे चांगले महिने. दोन आठवड्यांसाठी जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिला आठवडा तुमच्या शरीराचा असतो, दुसऱ्यात मुलं जेमतेम बोलायला लागतात, आणि तेवढ्यात तुम्ही निघता. दीड-दोन महिने काढता येत असतील तरच जा.

२. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं:
- आधार कार्ड किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र आणि त्याच्या भरपूर छायाप्रती, कारण गावात झेरॉक्स मिळत नाही
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- संस्थेचं पत्र, त्यात गावाचं आणि यजमानांचं नाव हवं
- पोलीस पडताळणीचा दाखला
- डॉक्टरांचं प्रमाणपत्र. दमा, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांशी उंचीबद्दल मोकळेपणी बोलून घेतलेलं
- नुब्रा, पँगाँग, हानले अशा सीमेजवळच्या भागात जायचं असेल तर परवाना आणि पर्यावरण शुल्काची पावती. या परवान्यांचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत, म्हणून निघण्याच्या आठवड्यात लेहच्या प्रशासनाच्या संकेतस्थळावर बघूनच अर्ज करा.

फोनचं सगळ्यात आधी बघा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं. प्रीपेडचं पोस्टपेड करून घ्यायला वेळ लागतो, तेव्हा हे काम निघायच्या आदल्या दिवसावर ढकलू नका. लेहमध्ये एटीएम आहेत, गावात रोखच चालते. सुट्टे पैसे लेहमध्येच करून घ्या.

सामानात थर्मल, पिसांचं जाकीट, लोकरी मोजे, गॉगल, मोठ्या काठाची टोपी, सनस्क्रीन, व्हॅसलीन, टॉर्च, पाण्याची बाटली आणि घरात घालायला जाड मोजे किंवा कापडी सपाता. वर्षभरात जेमतेम दहा सेंटिमीटर पाऊस पडणारा हा प्रदेश. हवा इतकी कोरडी की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओठ फुटतात, नाकातून थोडं रक्तही येतं. नाकाला आतून व्हॅसलीन लावलं की थांबतं. यजमानांसाठी चिक्की, शेंगदाण्याचे लाडू किंवा चांगला गूळ न्या आणि दोन्ही हातांनी द्या. मुलांना वाटायला गोळ्या-चॉकलेटं नेऊ नका. पाहुणा दिसला की हात पुढे करायची सवय मुलांना लागते आणि नंतर गावाला ती मोडावी लागते.

३. चढणीची वाट आणि पहिले दोन दिवस

लेह साधारण ३५०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे दुपटीहून जास्त. तिथे श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांश असतो. दिल्लीहून विमानाने गेलात तर तासा-दीड तासात शरीर तिथे जाऊन पडतं आणि त्याला तयारीला वेळच मिळत नाही.

हाताशी दिवस असतील आणि घाट उघडला असेल तर श्रीनगर-कारगिल-लेह रस्त्याने या. एक मुक्काम कारगिलला, साधारण २७०० मीटरवर होतो आणि शरीराला पायरी-पायरीने चढता येतं. मनालीचा रस्ता दिसायला भव्य आहे, पण त्यावर टागलांग-ला सारख्या पाच हजार मीटरवरच्या खिंडी आहेत आणि मधला मुक्कामही खूप उंचावर पडतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने जाताना तो घेऊ नये, येताना घ्यावा.

कसेही पोचा, लेहमध्ये पूर्ण दोन दिवस नुसते राहा. बाजार नको, गोन्पा म्हणजे बौद्ध मठ नको, जिने तर नकोच. पाणी, सूप आणि झोप, बस. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची का ते घरून निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर ती आवर्जून सांगा. थोडं डोकं दुखणं आणि तुटक झोप हे बऱ्याच जणांना होतं. पण बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढत गेला, चालताना तोल जायला लागला किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही. त्याच वेळी लेहच्या सोनम नोरबू रुग्णालयात जायचं. गावात असाल तर खाली उतरायचं.

या दोन दिवसांत मनात जे येतं, ते उंचीमुळे येतं. कंटाळा, रडू, "मी इथे का आले" हा प्रश्न, सगळं. त्यावरून लडाखबद्दल किंवा स्वतःबद्दल काहीच ठरवू नका.

४. घरात शिरल्यावर

खरी शाळा ही. लडाखी घराचं केंद्र म्हणजे स्वयंपाकघर. मोठी खोली, मधे नक्षीची चूल किंवा खोली उबदार ठेवणारी शेगडी म्हणजे बुखारी, भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने मांडलेली तांब्या-पितळेची भांडी, भिंतीलगत अंथरलेले गालिचे आणि त्यांच्यासमोर बुटकी रंगीत टेबलं, त्यांना चोक्त्से म्हणतात. दाराशी बूट काढा. आत गेल्यावर मोकळी दिसेल त्या जागी बसू नका. बसायचा क्रम वयाने आणि मानाने ठरलेला असतो. चुलीजवळची वरची जागा भिक्खूची, नाहीतर घरातल्या वडीलधाऱ्यांची. तुम्ही खालच्या टोकाला बसा. हाताला धरून वर बसवायचं काम यजमान करतात. चुलीकडे पाय करून बसू नका आणि चुलीत कचरा, केस, काहीच टाकू नका. चूल पवित्र मानतात. कुणाच्या पायांवरून, जेवणावरून किंवा पुस्तकावरून ओलांडून जायचं नाही, वळसा घालून जायचं.

मग चहा येतो. गुरगुर चहा म्हणजे लोणी आणि मीठ घालून लाकडी उभ्या घुसळणीत घुसळलेला, फिकट गुलाबी-तपकिरी, वर तुपाचे थेंब तरंगणारा. गोड चहाची अपेक्षा ठेवून पहिला घोट घेतला तर तोंड वाकडं होतं. सूप समजून प्या, दुसऱ्या दिवशी आवडायला लागतो. त्या कोरड्या थंडीत शरीराला नेमकं तेच हवं असतं.

तुम्ही एक घोट घेता, आमा-ले म्हणजे घरातली आई लगेच पुढे होऊन पेला पुन्हा काठोकाठ भरतात आणि "दोन-ले, दोन-ले" म्हणत घ्यायला सांगतात. तुम्ही पुन्हा घोट घेता, पुन्हा भरला जातो. पेला रिकामा करून थांबणार असाल तर संध्याकाळपर्यंत थांबाल. रीत अशी, की पेला भरलेलाच ठेवायचा, थोडं थोडं प्यायचं आणि उठायच्या वेळी शेवटचा संपवायचा. अगदीच नको असेल तर तळहात पेल्यावर आडवा धरायचा. दुसरी बाजूही आहे. काही पुढे केल्यावर लगेच घेणं तिथे हावरटपणाचं दिसतं. आधी नको म्हणायचं, पुन्हा नको म्हणायचं, मग घ्यायचं. आपल्या पंगतीतल्या जिलबीच्या आग्रहासारखंच हे, फक्त हलक्या आवाजातलं. उलट तुम्ही कुणाला काही देता तेव्हा त्यांचा पहिला नकार खरा धरू नका. स्वयंसेवकांच्या खोलीत आलेली मुलं बिस्किट नको म्हणतात आणि उपाशी परत जातात, ती यामुळेच.

मदतीचंही तसंच. "मी भांडी घासू का?" विचाराल तर नाहीच म्हणतील. विचारू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भाजी चिरायला घेतलेल्या आमा-लेंच्या शेजारी जाऊन बसा आणि एक गाजर उचला. स्क्यू या दाट रश्शासाठी कणकेच्या छोट्या गोळ्या अंगठ्याने दाबून वाट्या करतात. ते काम नवख्यालाही जमतं आणि ते करता करता पहिल्यांदा खऱ्या गप्पा होतात. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात असाल तर सातूच्या कापणीत विळा हातात येईल. त्याला नाही म्हणू नका. त्या दिवसांत सगळी घरं एकमेकांच्या शेतात राबतात आणि शेतात बरोबर काम केलेल्या माणसाकडे गाव वेगळ्या नजरेने बघतं.

हाक मारताना नाव किंवा नातं आणि पुढे 'ले': आईला आमा-ले, वडिलांना आबा-ले, आजोबांना मेमे-ले, आजीला आबी-ले, वयाने थोड्या मोठ्या दादाला आचो-ले आणि ताईला आचे-ले. भेटताना, निघताना, आभार मानताना जुले. रस्त्यात दिसेल त्याला आपण आधी जुले म्हणायचं.

शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी सांगा. बौद्ध घरांत मांस खातात, हिवाळ्यात तर खातातच. सागा दावा या बौद्धांच्या पवित्र महिन्यात मात्र बरेच जण सोडतात. शाकाहारी पाहुण्याचं तिथे काही अडत नाही. खंबीर रोटी, थुक्पा म्हणजे नूडल्सचं सूप, जर्दाळू, दही आणि न्गंफे म्हणजे भाजलेल्या सातूचं पीठ, जे आपल्याकडेही आजीच्या हातचं खाल्लेलं असतं.

५. संडास आणि पाणी

याबद्दल कुणी आधी सांगत नाही आणि पहिल्या रात्री सगळे अडखळतात. पारंपरिक संडास दुमजली असतो. वरच्या खोलीत जमिनीला चौकोनी भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि एक फावडं. काम झालं की दोन-तीन फावडी माती, चुलीची राख असेल तर तीही, भोकातून खाली टाकायची. वास येत नाही. खाली वर्षभरात खत तयार होतं आणि तेच शेतात जातं. तिथली माती नापीक आहे, या खतावर सातू पिकतो.

त्यामुळे आत बादलीने पाणी ओतायचं नाही. पाणी गेलं की खत कुजतं आणि घरच्यांचं वर्षभराचं काम वाया जातं. टिश्यू पेपर चालतो. पाण्याशिवाय जमतच नसेल तर छोट्या बाटलीतलं अगदी थोडं पाणी वापरा आणि वर जास्त माती टाका. प्लास्टिक, वाइप्स, सॅनिटरी पॅड चुकूनही आत टाकू नका. मैत्रिणींनो, कप वापरत असाल तर उत्तम, नाहीतर वापरलेले पॅड नीट गुंडाळून लेहला परत आणा. रात्री टॉर्च घेऊनच जा.

अंघोळ आठवड्यातून एकदा, बादलीभर गरम पाण्याने. कोरड्या थंडीत तेवढी पुरते. गावातून वाहणारा पाट हिमनदीच्या वितळलेल्या पाण्याचा असतो आणि ते पाणी कोणाच्या शेताला कधी मिळणार, हे ठरवायला गाव आपल्यातलाच एक छुरपोन नेमतं. वाटेत दिसलेला दगड किंवा मातीचा बांध सहज म्हणून हलवू नका, तो कुणाच्या तरी पाळीचं पाणी अडवून असतो. पाटात कपडे धुऊ नका, खालची घरं तेच पाणी पितात. झऱ्यापाशी तर नाहीच. झऱ्यात लू या जलदेवता राहतात अशी श्रद्धा आहे आणि जवळ त्यांचं छोटं पांढरं देऊळही दिसेल.

६. वर्गात

गावची सरकारी शाळा फार लहान असते. बरीच घरं मुलांना लेहला शिकायला ठेवतात, त्यामुळे एका खोलीत तीन-चार इयत्ता बसलेल्या सापडतील. पहिले दोन दिवस मागे बसून शिक्षकांचा तास बघा. ते वर्षभर तिथे असतात, तुम्ही जाणार आहात. मुलांसमोर त्यांची चूक दुरुस्त करू नका.

मुलं गप्प बसतात ती मान म्हणून आणि चुकायच्या भीतीने. "समजलं का?" विचारलं की सगळी हो म्हणतात. म्हणून तो प्रश्नच सोडून द्या. करून दाखवायला सांगा, चित्र काढायला सांगा, दोघा-दोघांत बोलायला सांगा. पाठ्यपुस्तकात समुद्र येतो, बंदर येतं, आंब्याचं झाड येतं. वर्गातल्या मुलांनी यातलं काहीच पाहिलेलं नसतं. मी समुद्राच्या धड्याआधी त्यांना सिंधूबद्दल विचारलं. ती कुठून येते, कुठे जाते, रंग कधी बदलतो. एका मुलीने उठून फळ्यावर नदी काढली, तिला मिळणाऱ्या झन्स्करचा वेगळा रंग भरला आणि मग स्वतःच विचारलं की शेवटी हे सगळं पाणी साठतं कुठे. तास तिथून पुढे चालला. तुमच्याकडेही कोकणातले, मुंबईचे समुद्राचे फोटो असतील तर छापून न्या. मोबाइलवर दाखवू नका. छापलेला फोटो भिंतीवर राहतो.

मुलांचे फोटो काढायच्या आधी शिक्षकांना विचारा आणि समाजमाध्यमांवर टाकूच नका.

७. गावात वावरताना

छोर्तेन म्हणजे स्तूप किंवा मंत्र कोरलेल्या दगडांची मणी भिंत वाटेत आली की ती आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जा. तिच्यावर बसू नका, दगड उचलू नका, आठवण म्हणून तर अजिबात नाही. गोन्पात टोपी काढा, बोटाने मूर्ती दाखवू नका, तळहात उघडून दाखवा.

आणखी एक सापळा आहे, त्यात चांगली, मनाने मऊ माणसंच अडकतात. "इथले लोक किती साधे, किती सुखी" असं आठवडाभरात लिहून टाकणं. ज्या घरात तुम्ही उतरता, तिथला मुलगा चंदीगडला किंवा जम्मूला शिकत असतो, काका लष्कराच्या लडाख स्काउट्समध्ये असतात, हिमनदी दरवर्षी मागे सरकते आहे म्हणून आबा-ले पेरणीच्या काळजीत असतात. ३१ ऑक्टोबर २०१९ला लडाख केंद्रशासित प्रदेश झाला, तेव्हापासून जमीन, नोकऱ्या आणि राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीवर (आदिवासी भागांना स्वायत्तता देणारी तरतूद) घराघरात वाद चालतात. संध्याकाळी चुलीभोवती हे विषय निघतात तेव्हा ऐका, प्रश्न विचारा, पण निकाल देऊ नका. पहिल्या आठवड्यातली मतं वहीत जरूर लिहा, सहाव्या आठवड्यात पुन्हा वाचा, आणि मगच कुणाला सांगायची ते ठरवा.

८. निघताना

निघायच्या आठवडाभर आधी शिक्षकांबरोबर बसून एक वही तयार करा: काय शिकवलं, कुठल्या मुलाला काय जमलं, काय अर्धं राहिलं. ती शाळेत ठेवा. पुढचा स्वयंसेवक तिथूनच सुरुवात करेल. परत येईन असं मुलांना सांगू नका, तिकीट हातात असेल तरच सांगा.

गळ्यात खताग म्हणजे मानाचं उपरणं घालतील, तो लगेच काढून पिशवीत कोंबू नका. लेहहून विमानं बहुतेक सकाळीच उडतात आणि हवा बिघडली की रद्द होतात, म्हणून दिल्लीहून पुढचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका. घरी पोचल्यावर यजमानांचे आणि वर्गाचे फोटो छापून स्पीड पोस्टने पाठवा. बर्फ पडायच्या आत, ऑक्टोबरमध्येच पाठवा.